आधी कडा, मग रंग: कोकणच्या दमट हवेत एमडीएफ सील करताना

माझा सिंधुदुर्ग किल्ल्याचा, एमडीएफच्या दाबीव फळीतला पहिला नमुना गणपतीच्या आधी, भर ऑगस्टमध्ये तयार झाला आणि दिवाळीपर्यंत त्याची होडी झाली. हे गमतीने म्हणत नाही. बेसच्या चारही कडा वर उचलल्या गेल्या होत्या, मधला भाग खाली दबला होता आणि तटाचे थर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे सुटून आले होते. वरून रंग छान दिला होता. सील करायचं म्हणून फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून एक हातही मारला होता, पण फक्त वरून. पाठ कोरीच. कडांना जेवढं लागलं तेवढं लागलं.

शेजारचे सुतार आबा बघायला आले. बोटाने फुगलेली कड दाबली आणि म्हणाले, "ह्या काय सागवान नाय. हेका पाणी दाखवलंस की फुगला." मी त्यावर पाण्यानेच हात मारला होता.

त्यानंतरच्या काही वर्षांत किल्ले, रेल्वेचा एक छोटा देखावा आणि मुलांच्या शाळेचे चार-पाच प्रकल्प एमडीएफमध्ये केले. त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे देतो. कोरड्या गावातल्या माणसाला यातला निम्मा खटाटोप जास्तीचा वाटेल. आपल्याकडे बोर्डाचं भांडण रंगाशी नसतं, हवेशी असतं.

बोर्ड फुगतो म्हणजे काय होतं

एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू, त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक, आणि गरम प्रेसमध्ये दाबून केलेली फळी. प्रेसची उष्णता आधी पृष्ठभागाला लागते, म्हणून वरची-खालची कातडी घट्ट आणि गुळगुळीत होते. मधला गाभा त्या मानाने सैल राहतो. कापलेल्या कडेला हाच गाभा उघडा पडतो आणि तो टीपकागदासारखं पाणी ओढतो. पाणी लागलं की दाबून बसवलेले तंतू मोकळे होतात. बोर्ड पुन्हा वाळला तरी ते जागेवर बसत नाहीत. साधी लाकडी फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तसा परतीचा रस्ता इथे नाही.

आता हिशेब बघा. सिंधुदुर्गाच्या तटाचा घेर सुमारे ३ किलोमीटर, उंची ३० फुटांच्या आसपास. १:५०० या प्रमाणात घेर होतो ६ मीटर आणि उंची १८ मिलिमीटर, म्हणजे ३ मिमीच्या शीटचे ६ थर. प्रत्येक थराला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा. एकूण ७२ मीटर उघडी कड, आणि ती फक्त तटाची! डोंगराचे पायऱ्या-पायऱ्यांचे थर केले तर विचारूच नका. नमुन्यात सपाट भाग थोडा आणि कडाच जास्त असतात, म्हणून दारं-कपाटं रंगवणाऱ्याचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

बोर्ड आणताना

साधा इंटिरिअर एमडीएफ नमुन्यांना पुरतो. लेसरवाल्याकडे बहुतेक वेळा २.५ ते ३ मिमीची शीट असते. मोठ्या बेसला मात्र मी एचडीएचएमआर नावाचा बोर्ड वापरतो. तो जास्त घट्ट असतो, ओल कमी खातो आणि कडेचा भुसा होत नाही. महाग आहे, वजनदार आहे, आणि जाड शीट घरच्या फ्रेटसॉने कापताना जीव जातो. बेस ४ बाय ३ फुटांपेक्षा लहान असेल तर ९ मिमीचा साधा एमडीएफ, खाली दोन आडव्या पट्ट्या मारून, चालून जातो. बोर्ड आतून हिरवा दिसला म्हणजे तो ओल सोसणारा, एवढ्या भरवशावर घेऊ नका. दुकानदाराला प्रकार विचारा आणि शीटवरचा छाप वाचा.

आणलेलं शीट जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. चिरा ओल धरतो आणि उभं शीट स्वतःच्या वजनाने बाक घेतं. आडवं, खाली तीन पट्ट्या देऊन, पंख्याखाली तीन-चार दिवस ठेवा. उन्हात घालू नका, एक बाजू तापून ते वाकतं. पावसाळ्यात काम करणं भागच असेल तर जुनी युक्ती आहे: लाकडी कपाटात १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा आणि कापलेले भाग आत, बल्बपासून वीतभर लांब, ठेवायचे. आमच्याकडे पुस्तकं आणि कॅमेरे असेच वाचवतात. स्पिरिट किंवा थिनर लावलेला ओला तुकडा मात्र त्या कपाटात कधीच ठेवायचा नाही.

काजळी आधी काढा

लेसरने कापलेली कड तपकिरी-काळी असते. ती जळलेली असल्यामुळे आपोआप सील झाली, असं पुष्कळांना वाटतं. थोडंफार पाणी ती अडवते हे खरं, पण वर सुटी काजळी असते आणि तिच्यावर दिलेला थर काजळीसकट निघतो. शिवाय फिक्या रंगातून काळपट झाक वर येते. कोरड्या टूथब्रशने झटका, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके दोन-तीन हात. पूर्ण फिकी कड दिसेपर्यंत घासायचं नाही, बोटाला काळं लागेनासं झालं की पुरे. शेवटी स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. पाण्याचं फडकं नको.

घासताना मास्क लावाच, तोही एन-९५. हा भुसा पिठासारखा बारीक असतो, त्यात डिंकही असतो. लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड, दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातल्या आहेत. पडवीत घासा, घरात नको. भुसा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. ओलं फडकं जमिनीवर, बोर्डावर नाही.

जोडणी आधी की सीलर आधी

इथे घोळ होतो. फेव्हिकॉल सील केलेल्या पृष्ठभागावर नीट धरत नाही, त्याला उघडे तंतू लागतात. म्हणून जिथे जोड येणार तिथे आधी चिकटवा, मग सील करा. थरांचा तट असेल तर सगळे थर कोरडे रचून बघा, पेन्सिलने खुणा करा, फेव्हिकॉल अगदी पातळ पसरा आणि वर वजन ठेवा. मी पाटा ठेवतो, आईला आवडत नाही. बाहेर आलेला डिंक अर्धवट सुकला की पात्याने उचलून काढा. ओल्या बोटाने पुसलात तर तिथेच कड फुगते आणि डिंकाचा डाग सीलरही घेत नाही.

खिडक्या, बुरुजाच्या आतल्या बाजू यांसारख्या नंतर ब्रश न पोचणाऱ्या जागा मात्र जोडण्याआधी सील करा आणि जोडाच्या पट्टीवर मास्किंग टेप लावून ठेवा.

कशाने सील करायचं

होडी प्रकरणानंतर मी एकाच शीटमधून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला वेगळं काही लावलं, दोन दिवस वाळवल्या आणि एक-एक टोक बशीतल्या पाण्यात रात्रभर ठेवलं. तुम्हीही करून बघा, तासाभराचं काम आहे. कोरी पट्टी अर्थातच फुगली. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलची पट्टी जवळजवळ तेवढीच फुगली, वर डिंक पांढरा होऊन बुळबुळीत झाला होता. चपडी लाखेचे तीन हात दिलेली पट्टी जवळपास तशीच राहिली. लाकूडकामाच्या सँडिंग सीलरची पट्टीही टिकली. तेलाच्या वूड प्रायमरची चांगली राहिली, फक्त तो वाळायला मी कंटाळलो होतो. फेव्हिक्विक प्यायलेली कड दगडासारखी झाली.

यातून माझी निवड चपडी. कारणं तीन: त्यात पाणी नाही, लवकर वाळते, आणि ब्रश स्पिरिटमध्ये धुता येतो. हार्डवेअरच्या दुकानात तिचे पिवळसर-नारिंगी पापुद्रे सुटे मिळतात. काचेच्या बरणीत १०० मिली स्पिरिटला २५ ग्रॅम चपडी घाला, झाकण घट्ट लावा, अधूनमधून हलवत एक रात्र जाऊ द्या. लोखंडी डब्यात करू नका, काळी पडते. तळाशी मेणाचा गढूळ थर बसतो. तो न हलवता वरचं निवळ ओतून घ्या, म्हणजे पुढचा रंग नीट धरतो. महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढीच करा. जुनी झालेली चपडी चिकट राहते, वाळतच नाही. बरणी उघडी ठेवलीत तर स्पिरिट आपल्या हवेतलं पाणी ओढून घेतं.

आपल्या भागाला ही लाख काही नवी नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांवर लाखेची झिलई देण्याची जुनी रीत आहे. तिथल्या गंजिफांची (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची) रीत तर या कामाचा धडाच आहे: कापडाला चिंचोक्याची खळ, वर पांढऱ्या मातीचा हात, दगडाने घोटून गुळगुळीत, मग चित्र आणि शेवटी लाख. आधी भोकं बुजवायची, मग घोटायचं, मग रंग. क्रम तोच, फक्त चिंचोक्याची खळ पाण्यातली असल्यामुळे एमडीएफला चालणार नाही.

सँडिंग सीलर चपडीपेक्षा जाड थर देतो आणि घासायला फार छान, पण त्याच्या थिनरचा वास डोक्यात जातो. मोठ्या बेसला मी तोच वापरतो, दारं उघडी टाकून. फेव्हिक्विक फक्त टोकदार, मोडणाऱ्या भागांना: बुरुजावरच्या चर्या (तटावरचे दाते), पुलाचे कठडे. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, वाकून काम करू नका.

प्रत्यक्ष हात

पहिला हात कडांना, आणि फक्त कडांना. मऊ ब्रश चपडीत बुडवून कडेवरून ओढत न्या. कड घटाघटा पिते, तीन सेकंदांत कोरडी दिसते. लगेच त्याच जागी पुन्हा. पिणं थांबेपर्यंत देत राहा, हा सगळा एक हात समजा. तासभर थांबा, पावसाळी हवेत तीन तास.

वाळल्यावर बोट फिरवलंत की कड खरखरीत लागेल. उभी राहिलेली ही लव कडक झालेली असते आणि आता ती सहज कापली जाते. म्हणून घासायचं ते पहिल्या हातानंतर, आधी कितीही घासलंत तरी ती येणारच. ३२० नंबरचा पेपर एका सपाट पट्टीला गुंडाळून सरळ हात मारा. बोटाने घासलात तर कडेचे कोपरे गोल होतात आणि चिऱ्याचा बुरुज साबणाच्या वडीसारखा दिसायला लागतो. मग दुसरा हात, ४०० नंबर, तिसरा हात.

चौथ्या वेळी सपाट भाग आणि पाठ. कातडी मुळातच घट्ट असल्यामुळे तिथे दोन पातळ हात पुरतात. त्याआधी ३२० ने फक्त चमक उतरवा. जास्त घासून कातडी फोडलीत तर तोही भाग कडेसारखाच प्यायला लागतो. पाठीला पुढच्या बाजूइतकेच हात द्या. माझी होडी झाली ती याच्यामुळे: वरची बाजू बंद, खालची उघडी. खालून बोर्ड हवेतली ओल पीत गेला, खालची बाजू लांबली आणि कडा वर आल्या. पाठ कोणाला दिसत नाही म्हणून तिथे उरलासुरला कुठलाही रंग चालेल, पण थर हवा.

शिवण किंवा थरांमधल्या फटी दिसत असतील तर पहिल्या हातानंतर लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरा. रंगाऱ्यांकडची तेलाची किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी घ्या, भिंतीची पाण्यात कालवायची पुट्टी नको. आणि सगळीकडे भरू नका. जिथे शेवटी जांभ्याचा खडबडीतपणाच दाखवायचा आहे तिथे गुळगुळीत करण्यात आयुष्य घालवण्यात अर्थ नाही. तिथे तीन हात चपडी, घासणं शून्य, पुढे चला.

आता परीक्षा. एखाद्या न दिसणाऱ्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला आणि पुसल्यावर खाली गडद डाग नसेल तर सील झालं. डाग दिसला तर ती जागा वाळू द्या आणि अजून एक हात.

हवा बघून काम

दमट हवेत चपडी आणि सँडिंग सीलर, दोघांवरही दुधासारखी पांढरट साय येते. स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प तिथेच बसतं. घाबरायचं कारण नाही. कोरड्या दिवशी स्पिरिट लावून घट्ट पिळलेलं फडकं चपडीवरून एकदाच हलकं फिरवा, साय विरघळून निघून जाते. सँडिंग सीलरला हेच काम थिनरचा पातळ हात करतो.

पण मुळात वेळ निवडली तर ही वेळ येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. पहाटेचं दव उडालेलं असतं, मतलई वारा अजून जमिनीकडून येत असतो आणि दुपारचा खारा वारा सुटायचा असतो, ती साधारण साडेनऊ ते साडेअकराची वेळ सोन्यासारखी. खारा वारा सुटला की ओल तर येतेच, किनाऱ्याजवळच्या घरांत मिठाची अगदी बारीक पूडही येऊन बसते. रात्रभर उघडा राहिलेला भाग पुढचा हात देण्याआधी म्हणूनच कोरड्या फडक्याने पुसायचा. छोटा डिजिटल आर्द्रतामापक घेऊन ठेवा. माझा नियम असा: ६५ टक्क्यांच्या खाली काहीही करा, ८० च्या वर ब्रश बाजूला ठेवा आणि कापाकापी करा.

स्प्रे प्रायमरला हा नियम दुप्पट लागू. डबा दोन मिनिटं हलवा, वीतभर अंतरावरून, नमुन्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, पातळ तीन हात. डबा गार असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ धरा, गरम पाण्यात किंवा गॅसजवळ कधीही नाही. ब्रशने द्यायचा असेल तर तेलाचा पांढरा वूड प्रायमर टर्पेंटाइनने पातळ करून द्या आणि एक पूर्ण दिवस विसरून जा, पावसाळ्यात दोन. स्पिरिट, थिनर, टर्पेंटाइन हे तिन्ही पेट घेणारे आहेत. देवघरातलं निरांजन आणि उदबत्तीसुद्धा लक्षात ठेवा, कोकणातल्या घरात ती कामाच्या जागेपासून फार लांब नसतात.

माती, वाळू आणि समुद्र

प्रायमर झाला की मगच ओल्या गोष्टी: फेव्हिकॉलमध्ये कालवलेली माती, प्लास्टर, कागदाचा लगदा. आता खाली बंद पृष्ठभाग आहे, तरी एका वेळी पातळ थर आणि मधे पूर्ण वाळवण. फेव्हिकॉल प्रायमरवर नीट धरावा म्हणून त्या जागी १८० नंबरने ओरखडे मारून घ्या.

तांबडी माती आपल्या अंगणातच आहे, पिठाच्या चाळणीने चाळा. (चाळणी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही, वेगळी घ्या.) समुद्रावरची वाळू मात्र तशीच वापरू नका. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं, पावसाळ्यात रंगाला फोड येतात आणि वर पांढरी पूड धरते. गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, शेवटचं पाणी जिभेवर ठेवून खारट लागत नाही ना ते बघा, तव्यावर कोरडी करा आणि मग वापरा.

अॅक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर मॅट क्लिअरचे दोन हात, पुन्हा पाठीसकट.

आधीच फुगलं असेल तर

कड फुगली पण थर सुटले नसतील तर वाचवता येते. आठवडाभर बल्बच्या कपाटात वाळवा, फुगवटा धारदार पात्याने कापून सपाट करा, उघड्या गाभ्याला फेव्हिक्विक किंवा चपडी पाजा, लांबी भरा, घासा. बोर्ड आतून पानापानासारखा उलगडला असेल तर त्यात वेळ घालवू नका, तो भाग नवीन कापा. बाक आलेला बेस वजन ठेवून सरळ होतो असं सांगणारे भेटतील. वजन काढलं की तो परत तसाच होतो. मी माझ्या होडीखाली सागाच्या दोन पट्ट्या स्क्रूने आवळल्या, तेव्हा कुठे निम्मा बाक गेला.

दिवाळीत किल्ला अंगणात मांडणार असाल तर सारवलेल्या जमिनीवर सरळ ठेवू नका. चार कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, खाली दोन चिरे किंवा फरशीचे तुकडे घ्या, म्हणजे खालून हवा खेळते. परतीच्या पावसाची सर कधीही येते, म्हणून प्लॅस्टिक हाताशी असू द्या. सर थांबली की मात्र ते लगेच काढा, आत घाम धरतो. आणि मेअखेरीला, आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरायच्या गडबडीत पाच मिनिटं काढून नमुना उलटा करा, खालच्या कडांवरून बोट फिरवा, आणि जिथे रंग उडालेला दिसेल तिथे पाऊस यायच्या आत एक हात चपडी लावून टाका.